कुलीकुलीसाठी दोनशे मैल

धुळ्याला परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "काय हो, नायगरा पाहिला का?" नाही पाहिला. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही विमानतळावर विकायला ठेवलेल्या बनियनवर पाहिला, तेवढाच. पण शेंगदाणे आणायला मी अमेरिकेत दोनशे मैलांची फेरी मारून आलो, आणि ती अशी काही झाली की अजून आठवलं तरी मी खुर्चीत सरळ बसतो. जवळच्यांना सांगून झालं आहे. बाकीच्यांसाठी हे लिहून काढतो.

आधी माझी ओळख. मी चौतीस वर्षं धुळ्याच्या एका तेलगिरणीत नोकरी केली, शेवटची वीस फोरमन म्हणून. शेंगदाणा बघून तेल किती निघेल ते सांगावं आणि पेंडीत तेलाचा थेंब राहू देऊ नये, एवढ्या दोनच विद्या मला येतात. दोन हजार सातच्या ऑक्टोबरात या विद्येचा अमेरिकेत उपयोग होईल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

कॅरी, मंगळवार

आमची मुलगी मधुरा नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहते. ती आणि जावई निखिल सकाळी आठला आपापली गाडी काढून जे जातात, ते संध्याकाळी साडेसहाला उगवतात. मधल्या वेळात मी आणि सौ. सुमन. गाडी चालवता येत नाही, पायी जाण्यासारखं काही नाही. त्यामुळे घरासमोरच्या वळणाच्या रस्त्यावर सकाळी चार फेऱ्या, संध्याकाळी चार. तीन आठवड्यांत तिथल्या टपालाच्या पेट्या मला पाठ झाल्या होत्या.

त्या मंगळवारी चौथ्या फेरीला दाणे भाजल्याचा वास आला. छान खरपूस वास, पण करपायच्या बेताला आलेला. एका घराचं गॅरेज उघडं होतं आणि वास तिथून येत होता. न विचारता कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं मधुराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण दाणे करपत असताना मी बाहेर उभा राहीन, हे शक्य नव्हतं. सुमन "अहो, अहो" करत राहिली आणि मी आत शिरून थेट शेगडीच बारीक केली.

शेगडीशी एक उंच, सावळी, नर्सच्या निळ्या कपड्यातली बाई उभी होती. ती आधी दचकली, मग कढईत बघितलं आणि हसली. ती राबी. उत्तर नायजेरियातल्या मिन्ना गावची, पन्नाशीची, इस्पितळात नर्स. तिच्या मुलीला परवाच्या रविवारी मुलगी झाली होती. त्यांच्याकडे सातव्या दिवशी नाव ठेवतात, म्हणजे येत्या रविवारी बारसं. बाळाला राबीच्या आईचं नाव द्यायचं ठरलं होतं, हौवा. आई आदल्या वर्षी वारली.

"आईने आम्हा सहा भावंडांना कुलीकुली विकून वाढवलं," राबी म्हणाली. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, तिचं चांगलं आणि माझं गिरणीतलं. "तिचं नाव ठेवताना ताटात तिची कुलीकुली नको का? पण तिने मला उखळीपाशी कधी येऊच दिलं नाही. म्हणायची, तू अभ्यास कर. म्हणून मी नर्स झाले आणि मला कुलीकुली येत नाही."

ही कुलीकुली म्हणजे काय? तर दाणे भाजायचे, सालं काढायची, आलं-मिरची-मीठ घालून वाटायचे. त्या गोळ्यावर गरम पाण्याचा हबका मारून तिंबत राहायचं, पिळून तेल काढायचं. मग उरलेल्या गोळ्याच्या कांड्या वळून त्याच तेलात कडक तळायच्या. मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"म्हणजे पेंड!" मी म्हणालो. "आमच्याकडे ही म्हशी खातात."

सुमनने मला कोपराने असा टोला दिला की बरगडी दुखली. राबी मात्र शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या म्हशी तुमच्यापेक्षा चांगलं जेवत होत्या."

तिचे दोन घाणे फुकट गेले होते. पहिल्यांदा तिने बाटलीतलं तयार दाण्याचं लोणी घेतलं, त्यातून थेंबभर तेल सुटलं नाही. दुसऱ्यांदा दुकानातले भाजके दाणे घेतले, त्याचा नुसता चिखल झाला. आज तिसरी खेप होती. मी कढईतला एक दाणा दाताखाली दाबला. चांगला बदामाएवढा, बाळसेदार दाणा, पण आत कोरडा. खारवून खायला उत्तम आणि तेलाच्या नावाने शंख. मी म्हणालो, "बाई, तुमची काही चूक नाही. दाणा चुकलाय. बारीक, लाल सालीचा हवा."

"मावशी ह्यूस्टनहून येतेय," राबी म्हणाली. "आईची धाकटी बहीण. टोपली डोक्यावर घेऊन आईबरोबर हिंडलेली. खोटं कौतुक तिला जमत नाही. तिने खाल्लं आणि तिला तिची बहीण आठवली, तरच मी म्हणणार की झालं."

संध्याकाळी मधुराच्या कानावर गेलं. "बाबा, असं कुणाच्या गॅरेजमध्ये घुसायचं नसतं! आणि कॅटल फीड म्हणालात? ओ माय गॉड! मी आत्ताच्या आत्ता राबी आंटीला कॉल करून सॉरी म्हणते." तिने फोन केला, पाच मिनिटं नुसतं "या, या" केलं आणि ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "ती म्हणतेय, गुरुवारी तिने ऑफ घेतलाय. पूर्वेकडे शेंगांची शेतं आहेत, तिथे ड्राइव्ह करणार आहे. विचारतेय, दाणे ओळखायला तुमचे वडील येतील का?"

येतील का! मी बुधवारीच बुटांना पॉलिश करून ठेवलं.

पूर्वेकडे, गुरुवार

राबी गाडी झक्क चालवते. मी पुढे, सुमन मागे डब्यासह. रॅली शहर मागे पडलं, रॉकी माउंट गेलं आणि रस्ता सपाट झाला. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मधूनच तंबाखूची जुनी कोठारं, आणि मग एकदम कापूस! पार क्षितिजापर्यंत पांढरा फुटलेला कापूस. खानदेशच्या माणसाला परदेशात कापूस दिसला की काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी राबीला गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून एक बोंड हातात घेतलं. फरक एवढाच की अख्ख्या शेतात वेचायला एक बाई नाही. लांबवर घराएवढं यंत्र एकटंच फिरत होतं. "यांच्या बायका मग बोलतात कुठे?" सुमनने विचारलं, आणि तिची शंका रास्त होती.

पुढे शेंगांची शेतं लागली. वेल उपटून मुळं वर करून ओळीने वाळत टाकलेले, शेंगा आभाळाकडे तोंड करून. मातीचा आणि शेंगांचा तो ओला वास थेट आमच्या शिवारातला. रस्त्याकडेच्या एका टपरीवर मोठ्या भांड्यात काहीतरी रटरटत होतं. सुमनने झाकण उचललं आणि ओरडलीच, "अहो, उकडलेल्या शेंगा!" सात समुद्र ओलांडून आलो आणि मिठाच्या पाण्यातल्या उकडलेल्या शेंगा! तिथेच बाकड्यावर आम्ही जेवलो. पोळी, दाण्याची लसूण घातलेली चटणी आणि शेंगा. राबीने चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळे मिटले, मग पोळी बाजूला ठेवून नुसती चटणीच खाऊ लागली. त्यांच्याकडे कुलीकुलीचा भुगा मिरची-आलं घालून भाजलेल्या मांसावर भुरभुरवतात म्हणे. "ममा, हे तर आमचंच आहे," ती सुमनला म्हणाली. सुमनने त्या क्षणापासून तिला राबीताई म्हणायला सुरुवात केली.

पण दाणा काही मिळेना. एका मोठ्या गोदामात गेलो, मग एका शेतावरच्या दुकानात. दोन्हीकडे तोच बाळसेदार दाणा. मी चावायचो आणि मान हलवायचो. माझी मान हलली की राबीचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या दुकानातल्या बाईने सांगितलं, नदीपलीकडे ओटिस नावाचा म्हातारा आहे, तो स्वतःपुरत्या जुन्या जातीच्या लाल शेंगा लावतो, पण कुणाला देत नाही. निघालो. गाडीत रस्ता सांगणारी जी बाई असते, ती अर्ध्या वाटेत गप्प झाली आणि आम्ही एका दफनभूमीत पोचलो. सुमनला हा अपशकुन वाटला. मी तिला गप्प केलं, राबीने गाडी वळवली आणि विचारत विचारत आम्ही ओटिसच्या दारी पोचलो.

ओटिस पंचाहत्तरीचा, काळा, सडपातळ गृहस्थ. ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून कोलाच्या बाटलीत खारे दाणे टाकून पीत होता. हो, कोलात दाणे! तिकडे ती पद्धत आहे. आम्हालाही त्याने एकेक बाटली दिली. आधी मी नाक मुरडलं. गोड, खारट, फसफसतं आणि वर दाताखाली दाणा. दुसऱ्या घोटाला मला आवडायला लागलं.

"लाल शेंगा आहेत," तो म्हणाला. "माझ्या बहिणीच्या आणि माझ्या नाताळच्या मिठाईपुरत्या. विकायच्या नाहीत."

मिठाई म्हणजे आपली चिक्कीच. राबीने विनवलं, त्याने मान हलवली. मग मी म्हणालो, "नुसत्या बघू तरी द्या." त्याने कोठारातून ओंजळभर आणल्या. मी एक शेंग कानाशी हलवली. खुळखुळली, म्हणजे नीट वाळलेली. फोडली, तर आत तीन बारीक लालबुंद दाणे. एक दाताखाली दाबला आणि मला धुळ्याच्या गिरणीचं फाटक दिसलं. दुसरा दाणा अंगठ्याने चिरडून मी कागदी पिशवीवर घासला. कागदावर आरपार दिसणारा तेलाचा डाग पसरला, रुपयाएवढा.

"हा तेलाचा दाणा," मी म्हणालो. "चौतीस वर्षं मी हेच केलंय. पाऊस यायच्या आधी काढलेल्या शेंगा आहेत ना?"

ओटिसने खुर्चीचं झुलणं थांबवलं. "एक दिवस आधी," तो म्हणाला. मग राबीकडे वळला. "आणि तुला कशाला हव्यात?"

राबीने सांगितलं. टोपली, सहा मुलं, आईचं नाव, रविवार. म्हातारा ऐकत होता. "माझ्या आईने आठ वाढवली," एवढंच तो म्हणाला आणि आत जाऊन अर्धं पोतं खांद्यावर टाकून आला. राबी पर्स उघडायला लागली तर म्हणाला, "विकायच्या नाहीत हे सांगितलं ना एकदा." सुमनने उरलेल्या चटणीचा डबा त्याच्या हातात दिला. आम्ही निघालो तेव्हा तो ती कोलाच्या बाटलीत घालायच्या विचारात दिसत होता.

परतीच्या वाटेवर राबी गाणं म्हणत होती. मी मागच्या सीटवर पोत्याशेजारी बसलो. हट्टाने बसलो. इतका आनंद मला निवृत्तीनंतर कधी झाला नव्हता.

कॅरी, शुक्रवार

शेंगा फोडायला सुमन आणि मी सकाळपासून बसलो. बोटं सोलवटली. दुपारी राबीच्या शेगडीवर दाणे भाजले, या वेळी माझ्या देखरेखीखाली. सालं पाखडायची तर सूप नाही. सुमनने मधुराचा बिस्किटं भाजायचा पत्रा घेतला आणि अंगणात उभी राहून असा झोक दिला की लाल सालं शेजाऱ्याच्या कातीव हिरवळीवर जाऊन पसरली. दहा मिनिटांत कॅरीतल्या यच्चयावत खारी जमल्या. शेजारी बाहेर आला, खारींकडे बघितलं, सुमनच्या नऊवारीकडे बघितलं आणि कॅमेरा आणायला आत गेला.

कॅरी, शनिवार

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. लिहिताना हात जड होतो आहे.

राबीची दोन वाजेपर्यंत ड्यूटी होती. सकाळी निघण्याआधी तिने टेबलाला बसवायच्या हातगिरणीवर आलं, मिरची घालून सगळे दाणे वाटून ठेवले. म्हणाली, "तुम्ही तिंबून ठेवा. पिळायचं मी येऊन बघते." मी गरम पाण्याचा हबका मारला, तिंबायला लागलो आणि पाव तासात गोळा चमकायला लागला. तेल सुटलं! सोनेरी, घमघमीत तेल माझ्या मनगटावरून ओघळलं. माझ्यातला फोरमन खडबडून जागा झाला. हाताने पिळून किती निघणार? मी घरी गेलो, जावयाच्या गाडीतला जॅक काढून आणला. गोळा सुमनच्या जुन्या सुती पातळाच्या फडक्यात बांधला, दोन लाकडी पाटांमध्ये ठेवला, पाटावर जॅक उभा केला, त्याच्या वर राबीच्या गॅरेजमधली जाड फळी मांडणीखाली आडवी अडकवली आणि जॅक फिरवायला लागलो.

काय तेल निघालं म्हणून सांगू! पातेलं भरत आलं. सुमन म्हणत होती, "अहो, पुरे." पण मला 'पुरे' माहीतच नव्हतं. गिरणीत पेंडीत तेल राहिलं की शेठ केबिनमध्ये बोलवायचे. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से मी असे पिळून काढले आणि फडक्यातून निघालेल्या कडक चकत्या ओळीने मांडून ठेवल्या. टकटक वाजत होत्या. इतकी उत्तम पेंड मी आयुष्यात काढली नव्हती.

दोनला राबी आली. पातेलं बघून ओरडलीच आनंदाने. मग चकती उचलली, चुरडली, कांडी वळायला गेली. वळेना. रेतीसारखं सुटत होतं. पाणी लावून कशीबशी एक वळली आणि तेलात सोडली. कांडी फुटली, कण कण झाले आणि तेलावर काळी वाळू तरंगायला लागली. दुसरीचं तेच झालं. राबीने झारा खाली ठेवला.

"यात तेल राहायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. "थोडं. खायचं ते हे आहे."

मग ती गॅरेजच्या पायरीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "असू दे. मी उद्या बिस्किटं ठेवीन," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओटिसच्या बहिणीची मिठाई, राबीच्या आईचं नाव, सगळं मी जॅकखाली घातलं होतं. चौतीस वर्षं मला वाटत होतं की तेल म्हणजे माल आणि बाकीचा चोथा. या बाईला चोथाच हवा होता, हे ती मंगळवारपासून सांगत होती आणि मी तिचं ऐकलंच नव्हतं. हे मी तिला सांगितलं, जसं जमेल तशा इंग्रजीत.

सुमन तोवर उरलेल्या गोळ्याकडे बघत होती, जो मी अजून पिळला नव्हता. "अहो, बेसनाचे लाडू मोकळे झाले, वळेनासे झाले तर मी काय करते?" तिने विचारलं.

"तूप घालतेस."

"मग? आणा त्या चकत्या इकडे."

चकत्या फोडून हातगिरणीतून पुन्हा काढल्या. त्यात न पिळलेला गोळा कालवला, गरम पाण्याचा हबका, आणि तिघं मिळून तिंबायला बसलो. मधुरा दारात आली. "बाबा, निखिल कारमध्ये जॅक शोधतोय... हे काय चाललंय?" तिलाही बसवलं. थांबायचं कधी, हा प्रश्न होता. मी काही बोलायला धजत नव्हतो. राबीने डोळे मिटले. लहानपणी दाराआडून बघितलेलं तिला आठवत होतं. "आई तळवा बघायची," ती म्हणाली. "गोळ्याची चमक गेली पाहिजे, पण तळवा ओला राहिला पाहिजे." तळवे पुढे करकरून आम्ही बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "आता."

कांडी तेलात गेली आणि आम्ही चौघं श्वास रोखून उभे राहिलो. नाही फुटली. बुडबुडे आले, रंग आला, तपकिरी झाली. राबीने निथळवून पहिली माझ्या हातावर ठेवली. मी चावली. कडक, कुरकुरीत, मग आल्याचा झटका, मिरची आणि मागाहून दाण्याची गोडी. चौतीस वर्षं जी पोत्यांनी गोठ्यांत पाठवली, ती चीज मी साठाव्या वर्षी खाल्ली आणि उभ्या उभ्या सहा संपवल्या.

कॅरी, रविवार

बारशाला राबीचं घर भरलं होतं. झगझगीत कपडे, डोक्याला बांधलेले उंच रुमाल, तांदळाचे डोंगर. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, आपल्याकडे आत्या सांगते तसं. फक्त पाठीत धपाटे नाहीत. सुमनला ते फार सौम्य वाटलं. आता राबीला नातीला नावाने हाक मारता येणार नव्हती, कारण त्यांच्यात आईचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. ती तिला 'अम्मा' म्हणणार होती.

कुलीकुलीचं मोठं ताट मधोमध होतं. मावशीला आधाराने आणून त्याच्यासमोर बसवलं. ऐंशीच्या घरातली, वाळलेल्या खारकेसारखी बाई. राबीने ताट पुढे केलं. मावशीने एक कांडी उचलली, वास घेतला, मोडली आणि तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग तिने पाणी मागितलं, डोक्याचा रुमाल सावरला आणि शेजारणीशी कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलायला लागली.

राबी ताट घेऊन तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मला जॅक दिसत होता. मधुरा माझ्या कानाशी पुटपुटली, "इट्स ओके, बाबा, यू ट्राइड." सुमन उठली आणि राबीच्या हातातलं ताट घेऊन मावशीच्या बाजूच्या स्टुलावर ठेवलं. राबीला घेऊन आम्ही चहाच्या टेबलाशी गेलो.

चहा ओतता ओतता राबीचा हात थांबला. ती आरशात बघत होती. समोरच्या भिंतीवरच्या आरशात मावशी दिसत होती. शेजारीण दुसरीकडे वळताच म्हातारीने इकडेतिकडे बघितलं, ताटातल्या मूठभर कांड्या उचलल्या आणि मांडीवरच्या पर्समध्ये टाकल्या. पुन्हा बघितलं. पुन्हा एक मूठ. मग पर्सची चेन ओढून दोन्ही हात वर ठेवून अगदी सोज्वळ चेहऱ्याने बसली.

"अहो, त्यांना डबा भरून द्या ना," सुमन मला म्हणाली. ते मी इंग्रजीत राबीला सांगायला गेलो, तर तिने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"नको, नको, तिकडे बघू नका," ती म्हणाली. "आईच्या टोपलीतूनसुद्धा ती अशीच चोरायची. ज्या दिवशी चांगली जमायची, फक्त त्याच दिवशी."